कादरभाईंचं उघडं फोल्डर

लोणावळ्यात गवळीवाड्यात जाऊन कादर तांबोळींचं घर विचारलं तर माणूस आधी हसतो आणि मग हात करून दाखवतो. हसण्याचं कारण एवढंच, की कादरभाईंना दार लावता येत नाही. सकाळी उघडलेलं पुढचं दार जेवणाच्या वेळीही सताड उघडं असतं. जाणारा-येणारा डोकावतो, कादरभाई "या या, बसा" म्हणतात, आणि आत त्यांची बायको रशिदा पुन्हा कणीक भिजवायला घेते. एकदा मीटर बघायला आलेला माणूस तिच्या वाटणीचा खिमा खाऊन गेला होता. मीटर बघायचं राहूनच गेलं.

धंदाही त्यांना या स्वभावापायीच मिळाला. स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांच्या वडिलांची पानपट्टी होती. मुंबईहून उतरलेली मंडळी पान खाता खाता विचारायची, "इथे राहायला काही आहे का हो?" की कादरभाई चुन्याचा हात पुसून, दुकान तसंच सोडून, त्यांच्या बॅगा उचलून निघायचे. असं करता करता पान गेलं आणि बंगले राहिले. आता तुंगार्ली, वलवण, औंढे अशा ठिकाणच्या बंगल्यांच्या किल्ल्या त्यांच्या बैठकीतल्या फळीवर लटकत असतात. मालक मुंबई-पुण्याला. पार्टी शोधायची, किल्ली द्यायची, केअरटेकरला फोन करायचा, हे काम कादरभाईंचं. आणि पार्टीला जेवण पाठवायचं काम रशिदाचं.

पूर्वी पार्टी शब्दावर यायची. मग "फोटो पाठवा" सुरू झालं. कादरभाई एकेकाला एकेका बंगल्याचे फोटो पाठवत बसायचे, औंढ्याचा स्विमिंग पूल वलवणला जायचा, वलवणची गच्ची तुंगार्लीला, आणि फोन पार गळून जायचा. शेवटी त्यांची मुलगी उमेरा मदतीला आली. ती लग्न होऊन तळेगावला गेलेली, तिथल्याच एका कंपनीच्या ऑफिसात कामाला. एका रविवारी तिने बापाच्या फोनवर ड्राइव्ह उघडून दिलं, त्यात एक फोल्डर केलं, त्याच्या पोटात बंगल्यागणिक छोटी फोल्डरं केली, आणि विचारलं, "अब्बा, आता सांगा. ज्याला लिंक पाठवाल त्याला काय द्यायचं? नुसतं बघायला, की एडिट?"

"एडिट म्हणजे?"

"म्हणजे तो आत काही ठेवू शकतो, काढू शकतो, नाव बदलू शकतो."

"आणि नुसतं बघायला म्हणजे?"

"बघायचं आणि जायचं."

कादरभाईंचा चेहरा उतरला. "अगं, माणूस आपल्याकडे यायचा आणि आपण त्याला सांगायचं, हात लावू नका? पाहुण्याला उंबऱ्याबाहेर उभं करून घर दाखवतात का कुणी?"

"अब्बा, ते घर नाहीये. फोल्डर आहे."

"नाव काय दिलंस त्याला?"

"कादरभाईंचे बंगले."

"मग? माझं नाव आहे त्याच्यावर. दे सगळ्यांना सगळं."

उमेराने परोपरीने समजावलं. मग तिची गाडीची वेळ झाली, आणि तिने कपाळाला हात लावून सगळ्यांना सगळं दिलं.

फोटो काढायला माणूस घरचाच होता. बाळ फाटक हा कादरभाईंचा शाळेपासूनचा दोस्त. एका बाकावर बसले, एका छडीने मार खाल्ला. बाळ पुढे चित्रकलेचा मास्तर झाला, आणि रिटायर झाल्यावर कॅमेरा गळ्यात घालून आंदर मावळात पक्ष्यांमागे फिरू लागला. कादरभाईंनी बंगल्यांचे फोटो काढायला सांगितलं तेव्हा त्याने आधी आढेवेढे घेतले आणि मग असे काही फोटो काढले की मालकांनाही आपला बंगला ओळखू येईना. औंढ्याच्या बंगल्यावर तर त्याने कमाल केली. तिथले केअरटेकर श्रीपती आणि त्याची बायको रतनबाई. पूलच्या पाण्यावर आभाळ नीट उतरावं म्हणून बाळने त्या दोघांना अर्धा दिवस घराच्या मागच्या बाजूला बसवून ठेवलं.

"मास्तर, आता येऊ का म्होरं?" श्रीपती मधूनमधून ओरडायचा.

"थांब! ढग हलतोय!"

"ढग हलंल न्हाई तर काय करंल?" रतनबाई म्हणाली. "चुलीवर दूद हाये माजं."

दूध उतू गेलं, पण फोटो देखणा आला. लिंक हातात होतीच. बाळने आपल्या फोनवरून सगळे फोटो त्या फोल्डरांत टाकून दिले. फोटो आपल्या फोल्डरमध्ये आले म्हणजे आपले झाले, याबद्दल कादरभाईंच्या मनात तिळभर शंका नव्हती. कपाट आपलं, तर कपाटातलं सामानही आपलं.

लिंक गावोगाव गेली आणि पाहुणे त्या फोल्डरमध्ये रुळले. ठाण्याच्या एका भिशी मंडळाने आपल्या सहलीचे फोटो 'वलवण'मध्ये ठेवून दिले. कोल्हापूरच्या एका कुटुंबाने तांबड्या रश्शाचा व्हिडिओ टाकला. कुणी आपली गाणी ठेवली, कुणी पूलमध्ये पडलेल्या मामांचं चित्रीकरण. डोंबिवलीचा यशोधन नावाचा एक तरुण मित्रांबरोबर औंढ्याला राहून गेला आणि पार्टीच्या फोटोंबरोबर स्वतःचा लग्नाचा बायोडेटाही टाकून बसला. चुकून की जाणूनबुजून, हे आजतागायत कळलेलं नाही.

कादरभाईंना यात काहीच वावगं वाटलं नाही. पाहुणे बंगल्यात टॉवेल विसरतात, चार्जर विसरतात, ते ते जपून ठेवतच होते. आणि रशिदाची तर चैनच झाली. दुपारी जेवणाचे डबे रवाना झाले की ती फोन घेऊन बसायची आणि आज फोल्डरमध्ये नवीन कोण आलंय ते बघायची. यशोधनचा बायोडेटा वाचून तिने साताऱ्याच्या एका पार्टीतल्या मुलीशी त्याचं जमवायचाही घाट घातला होता. मुलीच्या आईला फोन करेपर्यंत मजल गेली. मुलीचं आधीच ठरलं होतं म्हणून, नाहीतर ते लग्न कादरभाईंच्या फोल्डरमध्येच लागलं असतं.

बाळने मग आपले पक्षीही तिथे आणले. आधी एक 'बाळचे पक्षी' म्हणून फोल्डर केलं. त्यात शीळकरी कस्तूर आला, स्वर्गीय नर्तक आला, घुबडाचं एक अख्खं कुटुंब आलं. फोल्डरमध्ये होते तोवर ठीक होतं. पण बाळचा हात सैल. ज्या गावात फोटो काढला त्या गावच्या बंगल्याच्या फोल्डरमध्येही तो एखादा टाकून द्यायचा. बंगल्याला शोभा म्हणून.

आणि एका सकाळी मुलुंडहून नीरजाबाईंचा फोन आला. सासरची सगळी मंडळी घेऊन औंढ्याला यायचं त्यांचं नक्की झालं होतं.

"कादरभाई, एक विचारायचं होतं. तो हिरवा साप कुठल्या खोलीत असतो?"

"कोण?"

"साप. बेडरूमच्या आणि पूलच्या फोटोच्या मध्ये आहे. तुमच्याच लिंकमध्ये. माझ्या सासूबाईंनी बघितला. त्या आता महाबळेश्वर म्हणतायत."

कादरभाईंनी फोल्डर उघडलं. साप होता. लांबसडक, पोपटी, जिभेचं टोक बाहेर, आणि नजर थेट बघणाऱ्याकडे. फोटो म्हणून अप्रतिम होता. नीरजाबाई महाबळेश्वरला गेल्या.

बाळ संध्याकाळी नेहमीसारखा चहाला आला तेव्हा कादरभाई दबा धरूनच बसले होते.

"बाळ्या, साप कशाला टाकलास?"

"साप काय म्हणतोस, हरणटोळ आहे तो! काय मिळालाय बघितलंस का? त्याच्या डोळ्यात..."

"विषारी आहे का?"

"छे. निमविषारी."

"निम म्हणजे? गिऱ्हाईकाला काय सांगू? अर्धाच चावतो म्हणून?"

"अरे, तो बंगल्यात नव्हता. बाहेर करवंदीच्या जाळीत होता."

"मग फोटो पण जाळीतच ठेवायचा! माझ्या बेडरूमच्या शेजारी कशाला?"

बाळ दुखावला. कलावंत माणूस, त्याच्या सापाला कुणी जाळीत जा म्हटलेलं त्याला चालण्यासारखं नव्हतं. "जगाला बोलावून बोलावून आत घेतोस," तो म्हणाला. "कुणाचा रस्सा आहे, कुणाचा मामा आहे. माझा एक साप तेवढा जड झाला?"

"मामामुळे पार्टी पळत नाही. आणि खरं सांगू का बाळ्या, तुझे ते पक्षी बघायला पण कुणी येत नाही इथे."

हे कादरभाई बोलले आणि बोलल्याबोलल्या त्यांना ते तोंडात परत घ्यावंसं वाटलं. पण बाळने कप खाली ठेवला होता. चहावर साय धरायच्या आत तो रस्त्याला लागला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आणखी एका पार्टीने विचारलं, "घुबडं बंगल्यातच असतात का?" तेव्हा कादरभाईंचा उरलासुरला संयम सुटला. त्यांनी फोन हातात घेतला, साप काढला, आणि 'बाळचे पक्षी' हे फोल्डर अख्खंच्या अख्खं दाबून धरून काढून टाकलं. फोनने मध्येच इंग्रजीत काहीतरी लांबलचक विचारलं. कादरभाई रागात होते. त्यांनी निळं दिसलं ते दाबलं. पक्षी गेले.

पहिल्यांदा बरं वाटलं. घर झाडल्यासारखं. मग ऊन कलल्यावर असरच्या नमाजाला गेले आणि तिथे त्यांना एकेक पक्षी आठवायला लागला. तो कस्तूर मिळावा म्हणून बाळ आंदर मावळातल्या कुठल्याशा ओढ्यात कमरेइतक्या पाण्यात उभा होता. कादरभाई काठावर त्याचे बूट धरून बसले होते. स्वर्गीय नर्तकाच्या वेळी तर बाळला ताप होता. घरी येऊन त्यांनी घाईघाईने फोनमधली कचऱ्याची टोपली उघडली. उमेराने शिकवलं होतं, काढलेलं आधी तिथे जातं. टोपलीत पाहिलं तर पक्षी तिथेही नव्हते. पीसही नाही.

म्हणजे मुळापासूनच गेले. मास्तरची इतक्या वर्षांची मेहनत आपण एका अंगठ्याने संपवली.

त्या दिवसापासून कादरभाई भांगरवाडीच्या रस्त्याने जाईनासे झाले, कारण तिथे बाळचं घर. बाजारातही बाळची टोपी लांबून दिसली की ते जवळच्या दुकानात शिरायचे. अशा शिरण्यातून त्यांनी नको असलेली एक बादली, एक छत्री आणि लहान मुलांचा स्वेटर खरेदी केला. रशिदाने स्वेटर उलटून-पालटून पाहिला आणि उमेराला फोन करून जरा हळूच विचारलं, "काही गोड बातमी आहे का?"

पंधरा ऑगस्टला जोडून शनिवार-रविवार आला होता. लोणावळ्यात हे दिवस म्हणजे वर्षाची बेगमी. ते दिवस आठवड्यावर आले आणि फोन यायला लागले.

"कादरभाई, लिंकमध्ये बंगलाच नाहीये."

"नीट बघा, असेल."

"बघितलं. एक काका पाण्यात पडतायत, एवढंच आहे."

कादरभाईंनी उघडलं. 'तुंगार्ली': रिकामं. 'वलवण': ठाण्याची भिशी. 'औंढे': यशोधन आणि त्याचे मित्र. बाळने काढलेला एकेक फोटो गेला होता. आभाळ उतरलेला पूल गेला, पडदे उडणाऱ्या खोल्या गेल्या, धुक्यातला झोपाळा गेला.

त्यांनी रशिदाला हाक मारली. रशिदा बाहेर आली. "काय झालं?"

"बाळने बंगले काढून टाकले."

"काय म्हणता! जा आत्ताच्या आत्ता आणि विचारा त्याला."

"कुठल्या तोंडाने विचारू?" असं म्हणून कादरभाईंनी तिला पक्ष्यांचं सांगून टाकलं.

रशिदाने पदराला हात पुसले. "म्हणजे तुम्ही त्याचे पक्षी मारलेत," ती म्हणाली, "आणि त्याने तुमचे बंगले पाडले."

"फिट्टंफाट झाली," कादरभाई म्हणाले. "आता मी काय बोलणार?"

मग ते स्वतःच फोन घेऊन फोटो काढायला निघाले. औंढ्याला पोचले तर पाऊस. श्रीपतीने छत्री धरली, कादरभाईंनी फोटो काढले. पहिल्या फोटोत अंगठा आला. दुसऱ्यात छत्रीची काडी. तिसऱ्यात बंगला आला, पण तो असा कलला होता की आता घाटात घरंगळेल असं वाटत होतं.

"मास्तरला का न्हाई बोलावलं?" श्रीपतीने विचारलं.

"तो कामात आहे."

"कसल्या कामात? परवा गावात दिसलं की. तोंड एवडंसं झालंय त्यांचं."

कादरभाईंनी कललेला बंगलाच फोल्डरमध्ये टाकला आणि नशिबाला बोल लावत परतले. आणि मग गंमत अशी झाली, की बुकिंगं यायला लागली. येणारा प्रत्येक जण औंढ्याचंच विचारायचा. "त्या मावशी आहेत ना तिथे? भाकरी थापणाऱ्या?" बाळच्या फोटोंत माणूस नावाला नव्हता, ते गेल्यावर खाली राहिले होते ते पाहुण्यांनी काढलेले, आणि त्यात रतनबाई होती. यशोधनने तिला चुलीपुढे टिपलं होतं. गालाला पीठ, कपाळावर केस, आणि समोर वाट बघत बसलेली पोरं. फोटो हललेला होता, पण भाकरी फुगलेली स्पष्ट दिसत होती.

रतनबाईला हे कळलं तेव्हा तिने कादरभाईंना फोन लावला. "भाऊ, माजा फोटू कुनी काडला?"

"अगं, छान आहे. लोक तुझ्यासाठी येतायत."

"येऊ द्या लोकं. पर कामाच्या लुगड्यात काडलाय त्यो! धा गावची लोकं बगत्यात. काडा बरं त्यो आदी."

रतनबाईशी वाद घालण्याची प्राज्ञा कादरभाईंची नव्हती. बुकिंगावर पाणी सोडून त्यांनी फोटो काढून टाकला. हाही टोपलीत दिसला नाही. पण थोड्याच वेळात खुद्द यशोधनचा फोन आला.

"काका, तुमच्या फोल्डरमधून तो भाकरीवाल्या मावशींचा फोटो चुकून निघाला वाटतं. माझ्या ड्राइव्हमध्ये परत आलाय. पुन्हा टाकलाय मी."

"परत आला?" कादरभाई म्हणाले. "मी तर तो डिलीट केला."

"तुम्ही कसा कराल? फोटो माझा आहे ना. तुम्ही काढलात तर फक्त तुमच्या इथून निघतो आणि माझ्याकडे येतो."

कादरभाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "म्हणजे... एखाद्याचे पक्षी काढले, तर ते पक्षी..."

"पक्षी?"

"ज्याचे त्याच्याकडे उडून जातील?"

"हो, म्हणजे... जातील की. काका, बरं आहे ना तुमचं?"

पण कादरभाई फोन तसाच ठेवून चपला घालत होते. नव्या छत्रीचा एकदाचा उपयोग झाला. भांगरवाडीपर्यंत ते जवळजवळ पळतच गेले. दार बाळच्या बायकोने, इंद्रायणीवहिनींनी उघडलं. बाळ आत खिडकीशी पेपर धरून बसला होता. पेपर त्याने खाली केला नाही.

"बाळ्या," कादरभाई धापा टाकत म्हणाले, "तुझे पक्षी कुठे आहेत?"

"कुठे असणार? माझ्याकडे. धाडलेस ना परत. लग्न मोडल्यावर सामान धाडतात तसे. काढून घे एवढंही म्हणाला नाहीस."

"मी परत धाडले नाहीत रे! मी मारले होते!"

पेपर खाली आला. "काय?"

"मुळापासून. माझ्या हाताने. टोपलीतसुद्धा नव्हते. मला वाटलं, संपले सगळे." कादरभाई ओल्या चपलांनिशी तसेच खिडकीपर्यंत गेले. "तो कस्तूर आहे का नीट?"

"आहे," बाळ म्हणाला. मग पेपरची घडी घालत, "घुबडाची पिल्लंही आहेत."

"आणि मग तू माझे बंगले पाडलेस ते सूड म्हणूनच ना? ते बरोबरच होतं म्हणा."

"मी कशाला पाडू?" बाळ उठूनच उभा राहिला. "तुझे बंगले तुझ्या फोल्डरमध्ये. मी हातसुद्धा लावला नाही. मी काढून टाकले ते माझ्याकडचे. तुला देऊन झालेले, उगाच माझ्याकडे कशाला ठेवायचे? फोन सारखा ओरडत होता, जागा संपली म्हणून. मेल येईना."

"माझ्या भाचीच्या मुलाच्या बारशाचे फोटो येईनात," इंद्रायणीवहिनी म्हणाल्या.

"टोपलीत तरी असतील?" कादरभाईंनी आशेने विचारलं.

"टोपली मीच रिकामी करायला लावली," वहिनी म्हणाल्या. "कचरा साठवून ठेवायची आमच्या घरात पद्धत नाही."

मग तिघांनी मिळून उमेराला फोन लावला. तिने जेवणाच्या सुट्टीत, घास गिळत गिळत, सगळं ऐकून घेतलं.

"अब्बा, फोल्डर तुमचं आहे. पण त्यात जो फोटो टाकतो, फोटो त्याचाच राहतो. तुम्ही त्याला फोल्डरबाहेर काढू शकता, संपवू शकत नाही. संपवायचा हक्क फक्त ज्याचा आहे त्याला. बाळकाकांनी स्वतःचे फोटो संपवले, म्हणून ते सगळीकडूनच गेले. तुमच्याकडे वेगळे नव्हतेच कधी."

"म्हणजे एवढी वर्षं माझ्या कपाटात माझं काहीच नव्हतं?"

"कपाट होतं ना."

"आणि जागा कुणाची भरत होती?" बाळने विचारलं.

"तुमची, काका. पहिल्या दिवसापासून."

बाळ सावकाश कादरभाईंकडे वळला. "काद्या, तुझे सगळे बंगले इतकी वर्षं माझ्या घरात राहत होते. फुकट."

कादरभाई हसायला लागले आणि त्यांना थांबवेना. त्यांच्या बैठकीत इतक्या किल्ल्या लटकतात, त्यातलं एकही घर त्यांच्या नावावर नाही, आणि यात त्यांना आयुष्यात कधी काही विचित्र वाटलं नव्हतं. फोटोंच्या बाबतीतच काय ते त्यांना मालक असल्यासारखं वाटत होतं. इंद्रायणीवहिनींनी चहा टाकला. साय धरायच्या आत दोघांनी तो प्यायला.

मूळ फोटो कॅमेऱ्याच्या कार्डावर असतील, अशी एक शेवटची आशा होती. पण कार्ड पुसून बाळने त्यावर पक्षी भरले होते. तेव्हा सगळं पुन्हा काढायचं ठरलं. पंधरा ऑगस्टची गर्दी उरकल्यावर उमेराने एका रविवारी येऊन नवीन फोल्डर केलं, आणि अट घातली की फोटो बाळकाकांनी काढायचे, पण टाकायचे अब्बांच्या फोनवरून, म्हणजे ते अब्बांच्या नावावर राहतील. पाहुण्यांना आता नुसतं बघायला. यावर कादरभाईंनी फार ताणलं नाही. फक्त ज्यांना नवी लिंक गेली त्या प्रत्येकाला त्यांनी स्वतः फोन केला. "गैरसमज करून घेऊ नका, ते मुलीने केलंय. तुम्ही आमचेच आहात." पुष्कळांना कशाबद्दल बोलणं चाललंय ते कळलं नाही. ठाण्याच्या भिशी मंडळातल्या एका बाईंना मात्र गहिवरून आलं. जुनं फोल्डर होतं तसंच उघडं ठेवलं. रशिदाने त्याला हात लावू दिला नाही.

औंढ्याला रतनबाई दारातच तयार उभी होती. हिरवीगार पैठणी, नाकात नथ, केसात गजरा. "आता काडा भाकरीचा फोटू," ती म्हणाली.

"पैठणी नेसून भाकरी?" बाळ म्हणाला. "मावशी, ते खरं वाटायचं नाही."

"न वाटंना. फोटू माजा हाये का तुमचा?"

या प्रश्नावर बाळने कादरभाईंकडे पाहिलं, कादरभाईंनी श्रीपतीकडे, आणि श्रीपतीने आभाळाकडे. मग पैठणीतच भाकरी थापली गेली. फोटो सुरेख आला. यशोधनचा हललेला मात्र तिच्या डोळ्यांदेखत, खुद्द यशोधनला फोन लावून, त्याच्याच हाताने काढून टाकायला लावला, आणि तो टोपलीतूनही गेल्याची तिने तीनतीनदा खात्री करून घेतली.

शेवटी राहिली तुंगार्ली. तिथे पोचले तर धुकं इतकं की बंगला शोधावा लागला. पार्टीही वेळेआधीच येऊन ठेपली होती, सामानासकट फाटकाशी.

"काढून टाक एक पटकन," कादरभाई म्हणाले.

"पटकन? धुक्याला कड येऊ दे जरा."

"बाळ्या, माणसं भिजतायत."

"मग त्यांना म्हणावं, आतली एक पांढरी चादर आणून धरा त्या बाजूने. उजेड परततो."

आणि खरोखर, त्या पार्टीतले दोन जावई चादरीची टोकं धरून पावसात उभे राहिले, सासरे "जरा वर, जरा वर" करत राहिले, आणि बाळ एक डोळा मिटून धुकं सरायची वाट बघत बसला. कादरभाईंनी मनातल्या मनात त्याला एक शिवी दिली आणि कॅमेऱ्यावर छत्री धरली.